सतरा नंबरच्या लॉटचा जोम

२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझी टिटवी येऊन पोचली. पोचली कसली, अवतरली! एका हातात बॅग, मागून हमालाच्या डोक्यावर लोखंडी पेटी, आणि त्या पेटीला कुणी हात लावायचा नाही. वसतिगृहात तुम्ही हिला टिटवी का म्हणायचात ते मला पाच मिनिटांत कळलं. बाई बोलायला लागली की थांबायचं नाव नाही.

बावीस वर्षं मी या तीन खोल्यांत बी मोजते आहे. चारशे दाणे घ्यायचे, ओल्या कागदात गुंडाळून उबेत ठेवायचे, आठव्या दिवशी गुंडाळी उलगडायची. धड रोपं एका बाजूला, वाकडी दुसऱ्या बाजूला, कुजलेले दाणे तिसरीकडे. शंभरात किती उगवली तो आकडा मी चिठ्ठीवर लिहिते आणि त्या चिठ्ठीवर पोती बाहेर पडतात. माझा आकडा आजवर कुणी परत मोजून बघितलेला नाही. आणि ही पहिल्याच दिवशी साहेबांसमोर मला म्हणते, ‘‘ताई, तुमचा आकडा लाडात वाढलेल्या बियांचा. हवी तेवढी ऊब, हवं तेवढं पाणी. शेतात कोण करतंय एवढे लाड? बी उगवेल हे कळलं, पण त्यात जोम किती हे कुठे कळलं?’’

मला ‘ताई’ म्हणाली, बघ. ताई मी तुझी. हिची कधीपासून झाले?

तिची ती पेटी म्हणजे बी म्हातारं करायचं यंत्र आहे. डबीच्या तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर सोयाबीनचे दाणे, झाकण घट्ट. अशा डब्या पेटीत घालून एकेचाळीस अंशांवर बहात्तर तास ठेवायच्या. तीन दिवसांत बी वर्षभराचं म्हातारं होतं म्हणे. मग ते माझ्यासारखंच कागदात उगवत घालायचं. एवढं सोसूनही जे उगवलं ते शेतातल्या गार मातीतही वर येईल, आणि ज्याने मान टाकली ते तिथेही टाकेल. बहात्तर तासांत पेटीचं दार उघडायचं नाही, हा बाईसाहेबांचा हुकूम. माझी मधली खोली पेटीला दिली. माझं टेबल आता जिन्याखाली आहे आणि वरून कुणी गेलं की माझ्या कागदांवर धूळ पडते.

तिचं नाव साहेबांना सुचव असं तूच मला लिहिलं होतंस आणि मी मुकाट्याने सुचवलं. स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. आणि हो, तिच्या टेबलावर तुझं पत्र दिसलं. सहा पानी. मुद्दाम मोजली नाहीत, डोळ्यांना सवयच आहे मोजायची. माझी बोळवण तू दोन पानांत करतेस.

तुझी (खरी) ताई


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं तर हे म्हणाले, ‘‘ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या दिसतात.’’ मी म्हटलं, पत्र पोस्टात कसं राहिलं कोण जाणे, शेजारच्या पत्रांनाही ठसका लागला असेल.

अगं, त्या सहा पानांतली चार पानं नुसत्या शंका होत्या. बी कसं निवडायचं, माती किती गार चालते, असलं सगळं. तुला लिहिताना मी कशी आहे नि तू कशी आहेस एवढंच लिहावंसं वाटतं, ते दोन पानांत मावतं.

आता कामाचं ऐक. आमची चौदा घरं मिळून बी घेतात हे तुला ठाऊक आहे. अकरा वर्षं ते निवडायचे मास्तर. गेल्या वर्षी त्यांनी आणलेल्या पोत्यांवर तुझ्या हातची चिठ्ठी होती, एक्क्याण्णव. शेतात शंभरात पंचावन्न रोपं वर आली. तुला तेव्हा कळवलं नाही, तू जिवाला लावून घेतलं असतंस. पण आता बी निवडायचं काम माझ्याकडे आलं आहे. एका बाईकडे, गटात पहिल्यांदाच. मुदत एका हंगामाची. उगवण चांगली झाली तर हे काम कायमचं माझं. नाही झाली तर बियाण्याची वही परत मास्तरांकडे आणि मी परत चुलीपुढे. गेल्या बारा वर्षांत या घरात मला कुणी काही विचारलं असेल तर ते ‘मीठ कुठे आहे’ एवढंच. आता चौदा घरांतली माणसं येऊन विचारतात, वहिनी, कोणतं बी घ्यायचं? मला हे काम हवं आहे ताई, फार हवं आहे.

आमची डोंगरातली जमीन पुढे लवकर वाळते आणि इथे मार्चातही गारठा असतो, म्हणून माती गार असतानाच पेरावं लागतं. नुसतं उगवणारं बी चालायचं नाही, तग धरणारं हवं. म्हणून टिटवीचा आकडा. तू ती चाचणी तिच्याकडून शिकूनच का घेत नाहीस? दोघी मिळून केलीत तर मला दुप्पट भरवसा वाटेल.

बारकी


२१ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पंचावन्नचं तू मला वर्षभर सांगितलं नाहीस, पण तिला सांगितलंस. ‘गेल्या वर्षी एका गटात एक्क्याण्णवचे पंचावन्न झाले’ हे तिने सगळ्यांसमोर साहेबांना ऐकवलं तेव्हा मी म्हटलं, पेरणाऱ्यांचीच काहीतरी चूक असेल. तो गट तुझा, हे मला आता तुझ्या पत्रातून कळतंय. माझं चुकलं ते माझ्या बहिणीने परक्या बाईला सांगावं आणि मी जिन्याखाली बसून ऐकावं. असो.

तर आता तिच्या पेटीची गंमत ऐक. नऊ लॉट घातले होते. तीन दिवस बाई दाराला पहारा देत फिरत होत्या, कुणी जवळून गेलं तरी ‘हळू, हळू’. मग आठ दिवस उगवणीचे. काल आकडे लागले. नऊच्या नऊ ऐंशीच्या वर! सतरा नंबरचा लॉट बघ. माझा आकडा एक्क्याण्णव, तिचा शहाऐंशी. साहेब चष्मा काढून म्हणाले, ‘‘बाई, जवळजवळ तेच उत्तर यायचं असेल तर एवढा खटाटोप कशाला?’’ तिचं तोंड बघायला हवं होतंस. पहिल्यांदा गप्प झाली. मी त्या दिवशी जिन्याखाली गाणं गुणगुणत होते म्हणे, शिपाई सांगत होता.

नव्याचे नऊ दिवस असतात, दुसरं काय. पेटीची काळजी मीही घेतेच हो. किल्ल्या माझ्याकडे, सकाळी पहिली येणार मी आणि संध्याकाळी कुलूप लावणार मी. यंत्रं काय, ठेवू तशी राहतात.

लोकरीचे मोजे विणून पाठवले आहेत. गार मातीत उभी राहतेस, ते घाल.

तुझी ताई


२ मार्च

ताई, ताई, ताई!

मोजे घालून लिहिते आहे. अंगठ्याला थोडे घट्ट आहेत, पण सांगायचं नाही असं ठरवलं होतं, सांगून टाकलं.

टिटवीचं पत्र तुझ्याआधी चार दिवस आलं. साहेब काहीही म्हणोत, ती खूश आहे. म्हणते, शहाऐंशी म्हणजे दणकट बी, असा लॉट क्वचित सापडतो, गार मातीतही बिनघोर पेर. म्हणजे तुझा नि तिचा आकडा जुळला यात भांडण कुठे आहे? तू म्हणतेस बी चांगलं, ती म्हणते बी चांगलं. मला याहून काय हवं!

सतरा नंबरच घेतला. चौदाही घरांसाठी. पोती आली, कोठारात रचली. मी बैठकीत उभं राहून चिठ्ठी वाचून दाखवली आणि सांगितलं, यंदा इतरांच्या पंधरा दिवस आधी पेरायचं. मास्तर म्हणाले, ‘‘वहिनी, माती अजून फार गार आहे.’’ मी म्हटलं, ‘‘मास्तर, गेल्या वर्षी आपल्याकडे उगवणीचा आकडा होता. यंदा जोमाचा आहे.’’ हे तर घरी येऊन माझ्याकडे बघतच बसले होते, जणू काल लग्न झालंय.

वीस तारखेला सोमवार आहे. त्या दिवशी पेरणी.

बारकी


८ मार्च

प्रिय बारके,

सतरा नंबर एवढा डोळे झाकून घ्यायला नको होतास. मला आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं. बावीस नंबर घ्यायचा होतास, तो यंदाचा ताजा आहे. सतरा गेल्या हंगामाचा, गोदामात राहिलेला.

आता घेतलाच आहेस तर निदान घाई करू नकोस. पंधरा-वीस दिवस थांब, माती तापू दे, मग बावीस नंबर मागव नि तोच पेर. मास्तर अनुभवी माणूस आहेत, त्यांचं ऐकण्यात कमीपणा नाही. पेटीचं म्हणशील तर ती जुनी आहे, काटा कधी इकडे कधी तिकडे. असल्या यंत्राच्या एका आकड्यावर चौदा घरांची पेरणी करणं मला काही बरं दिसत नाही. टिटवीला शेतातलं काय कळतं? तिने आयुष्यात डब्यांच्या बाहेर बी बघितलं आहे का?

ऐक माझं. कारण विचारू नकोस.

तुझी ताई


१३ मार्च

ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाबरले. दुसऱ्यांदा राग आला.

महिन्याभरापूर्वी पेटी म्हणजे थोतांड होतं. मग पेटीचा नि तुझा आकडा जुळला तेव्हा तू गाणी गुणगुणलीस. आता मी त्याच आकड्यावर विसंबले तर पेटीचा काटा हलायला लागला. कारण विचारू नकोस म्हणतेस. विचारायची गरजच नाही, कारण मला दिसतंय. टिटवीचं बी माझ्या शेतात उगवून आलेलं तुला बघवणार नाही. मास्तरांचं ऐक म्हणतेस! ज्यांच्याकडून हे काम मी घेतलं त्यांचं?

तू मला वाढवलंस, शिकवलंस, स्वतःचं लग्न राहू दिलंस, हे मी एक दिवसही विसरत नाही. पण मला एक मैत्रीण असू दे. माझं एक काम असू दे. तुझी जळफळ चौदा घरांच्या पेरणीत आणू नकोस.

पेरणी वीसलाच आहे.

बारकी


तार, १६ मार्च
सतरा पेरू नका. बी कमजोर. ताई


तार, १७ मार्च
तार पोस्टात सर्वांसमोर वाचली गेली. जळणं पुरे. पेरणी सोमवारीच.


१७ मार्च

बारके,

मी तुझ्याकडे तिच्याविरुद्ध इतकं बोलले की खरं सांगायची वेळ आली तेव्हा माझ्या शब्दाला किंमत उरली नाही. लांडगा आला रे आला. आता तुझा विश्वास बसावा म्हणून एकच उपाय राहिला आहे, की मी काय केलं ते लिहावं.

तिने डब्या पेटीत ठेवल्या त्या दुपारी मी दार उघडलं. शपथेवर सांगते, नुसतं बघायला. बावीस वर्षं उगवतं बी रोज बघते आहे, ते आत काय करतंय हे बघितल्याशिवाय मला राहवेना. काही दिसलं नाही. वाफ तोंडावर आली, डब्या तशाच. मी दार लावलं आणि जिन्याखाली येऊन बसले. आणि मग मनात आलं, की हिचा सगळा तोरा या एका दारावर उभा आहे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर टिपकागदाची जाड घडी केली नि दाराच्या फटीत घातली. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन काढली. तीनही दिवस हेच केलं. रात्रभर पेटी निवत होती, दिवसा परत तापत होती. बी म्हातारं झालंच नाही. माझ्याकडे होतात तसेच लाड तिच्या पेटीतही झाले, म्हणून आकडे जुळले.

कुणाचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं, हे वाक्य मी लिहिलं होतं. ते खोडलं, कारण ते खोटं आहे. तिचं वाईट व्हावं असं मनात होतं. तिचा आकडा माझ्या आकड्याएवढा आला की साहेब म्हणतील, मग ही पेटी कशाला नि ही बाई कशाला. तसं ते म्हणालेही. माझी उडी तेवढ्यापुरतीच होती. त्या आकड्याला कुणी खरं मानेल, त्याच्या भरवशावर गार मातीत पेरेल, आणि तो कुणी म्हणजे तूच असशील, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. शहाऐंशी हा बियाचा आकडा नाही, माझ्या मत्सराचा आहे. ती बरोबर होती आणि मी तिला खोटं पाडलं.

आठ तारखेला हे लिहायला हवं होतं. तेव्हा मी बावीस नंबरच्या आणि हलत्या काट्याच्या आड लपले. मला वाटलं तू थांबशील आणि माझंही झाकलेलं राहील.

हे पत्र बियाण्याच्या ट्रकवाल्याच्या हाती देते आहे, पोस्टावर भरवसा नाही. तो वाटेत दोन ठिकाणी पोती उतरवून सोमवारी तुमच्याकडे पोचेल. सकाळीच पोच म्हणून त्याला विनवलं आहे. इथे अजून कुणाला बोललेले नाही, आधी तुला. माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस, पण सतराला हात लावू नकोस.

ताई


६ एप्रिल

पत्र सोमवारी दुपारी पोचलं. सकाळी नाही.

चार घरांचं पेरून झालं होतं, पाचव्याच्या बांधावर पेरणीयंत्र वळत होतं. ट्रकवाला बांध तुडवत आला. मी म्हटलं, ठेवा, संध्याकाळी वाचते. तो म्हणाला, ‘‘तुमच्या बहिणीने शपथ घातली आहे, तुम्ही वाचल्याशिवाय मी हलणार नाही.’’ मी उभ्याउभ्या वाचलं.

यंत्र थांबवा म्हटलं. सगळे बघायला लागले. मास्तरांनी विचारलं, काय झालं? पोत्यात ओल लागलेली दिसते, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. मग वाटलं, लपवालपवीनेच हे इथवर आलंय. मी म्हटलं, चाचणी बिघडवलेली आहे, माझ्या बहिणीने, दुसऱ्या बाईवर जळून. बांधाच्या पलीकडून एकजण हसला. हे माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि खाली मातीकडे बघत राहिले.

परवा पंधरावा दिवस होता. मी ओळीत काठी टाकून मोजलं, तुझ्यासारखंच. धड, वाकडी, न आलेली. शंभरात एक्केचाळीस. काही रोपं मातीच्या पापुद्र्याखाली मान वाकवून तशीच राहिली आहेत, वर यायचं बळ नाही. बोटाने पापुद्रा उचलला तर खाली पिवळी दिसतात.

त्या चार घरांत पहिलं घर माझं आहे. चारही घरांना परत नांगरून बावीस नंबर पेरावा लागेल. उरलेल्या दहा घरांचं वाचलं, हे खरं. ते तुझ्या पत्रामुळे वाचलं, हेही मी लिहिते, नाहीतर अन्याय होईल. पण वही मास्तरांकडे परत गेली. त्यांनी मला टोमणा मारला नाही. ‘‘वहिनी, वही कुठे आहे?’’ एवढंच विचारलं. मी आणून दिली. बारा वर्षांनी मला कुणीतरी काहीतरी विचारायला लागलं होतं.

परक्याने केलं असतं तर घरावर चालून गेले असते. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. तुला वाटतं मी तिला सहा पानं लिहिली म्हणजे तुझी चार कमी झाली. पानं काय कोठारातल्या पोत्यांतून येतात, ताई? एकाला दिलं की दुसऱ्याचं घटतं?

टिटवीला मी काही कळवलेलं नाही. ते तुझं काम आहे.

बारकी


२२ एप्रिल

बारके,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. आधी तिला, मग दोघी मिळून साहेबांना.

टिटवीने पेटीचं दार उघडून फटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘‘नऊच्या नऊ ऐंशीच्या वर आले तेव्हाच मला संशय यायला हवा होता. ठाऊक असलेलं कमजोर बी एका डबीत ठेवायचं असतं, पडताळा म्हणून. ते उगवलं की समजायचं, पेटीचं काहीतरी बिघडलंय. मी ठेवलं नाही, जागा नव्हती. आणि आकडे चांगले आले ते मला आवडले.’’ मग रडली. मग मला एक शब्द म्हणाली, तो काही मी लिहिणार नाही. खरं सांगते, तो ऐकून मला बरं वाटलं. तोवर ती ‘ताई, ताई’ करत होती.

साहेबांनी किल्ल्या काढून घेतल्या. माझी बढतीची शिफारस फाडली, माझ्यासमोर. ते नऊ लॉट ज्यांनी ज्यांनी घेतले त्या सगळ्यांना पत्रं गेली, माझ्याच अक्षरात, कारण चूक कुणाची हे अक्षरावरून कळावं असं ते म्हणाले. इतर कुणी अजून पेरलेलं नव्हतं. लवकर पेरणारी तू एकटीच होतीस.

मग सतरा नंबर परत पेटीत गेला. या वेळी पडताळ्याची डबी ठेवून. मी मधल्या खोलीत पाऊल टाकलं नाही. गुंडाळ्या उलगडताना मात्र तिने मला बोलावलं, मोजायला. शंभरात एकोणचाळीस. तिने पेटीतून काढले एकोणचाळीस, तू शेतात मोजलेस एक्केचाळीस. माझे एक्क्याण्णव कुठल्या कुठे राहिले.

आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. एवढं सगळं झाल्यावर तो आकडा बघून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? तुझं शेत नाही आलं. बावीस वर्षं मी हेच बी चिवडते आहे, मग हे मला का नाही सापडलं, असं आलं. मग तुझं शेत आलं.

साहेबांना आता शेतातली उगवण मोजून हवी आहे, तुमच्या बावीस नंबरची. पेटीचा आकडा शेताशी ताडून बघायचा. टिटवी येणार आहे, आठवडाभर. मोजायला दुसरं माणूस लागतं. साहेबांनी विचारलं कोण जाईल, तर तिने माझं नाव सांगितलं. म्हणाली, ‘‘मोजण्यात यांचा हात कुणी धरणार नाही.’’

तू नको म्हणालीस तर मी येणार नाही, ती शिपायाला घेऊन येईल. ती आठवडाभर तुझ्या घरी, तुझ्याशी गप्पा मारत, आणि मी इथे जिन्याखाली, या विचाराने पोटात दुखतं. हेही लिहून टाकते. तुझ्यापासून लपवायचं नाही एवढंच आता माझ्या हातात आहे.

ताई


३० एप्रिल

ताई,

दोघीही या. येत्या शनिवारी बावीस नंबर पेरून सतरा दिवस होतील, त्याआधी पोचा.

वही मला परत मिळालेली नाही आणि मिळेल असं दिसत नाही. मास्तर मोजणीच्या वेळी बांधावर येऊन उभे राहणार आहेत. तू त्यांच्यासमोर मोजायचंस, मोठ्याने. बांधापलीकडचे हसणारेही येतील. त्यांच्याकडे बघायचं नाही, ओळीकडे बघायचं.

मी अजून रागावलेली आहे. तू आलीस की पहिला दिवस मी तुझ्याशी बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या दिवसाचं दुसऱ्या दिवशी बघू.

घरात मोठी खाट एकच आहे. हे ओटीवर झोपतील. टिटवी भिंतीकडे, तिला झोपेत लाथा मारायची खोड आहे. मी कडेला, मला लवकर उठायचं असतं. तू मध्ये.

बारकी